माळावरचा खोकला

गिरजाबाईच्या खुडूक कोंबडीखाली कुमुदने प्रयोगशाळेतलं ते अंडं ठेवलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. जगातला शेवटचा माळढोक मेल्यानंतर जन्मलेला हा पहिला माळढोक. लांब मानेचा, उंच तंगड्यांचा. कोंबड्या त्याला टोचून टोचून खुराड्याबाहेर काढत.

"ताई, ह्यो आपल्यातला न्हाई, हे कोंबड्यांस्नी बी कळतंय," गिरजाबाई म्हणाली.

"मग त्याला त्याच्या माणसांचा आवाज ऐकवू," कुमुद म्हणाली.

तो आवाज एकाच ध्वनिफितीत उरला होता. कुमुदच्या वडिलांनी, अण्णांनी, याच माळावर गवतात पालथं पडून एका नराचं घुमणं टिपलं होतं. फितीच्या शेवटी त्यांना खोकल्याची उबळ आली होती. ती काढून टाक, असं सगळे सांगत. कुमुदने काढली नाही. अण्णांचं तेवढंच मागे राहिलं होतं.

रोज पहाटे ती गवतात स्पीकर लावी. पक्षी मान वाकडी करून ऐके. आज मात्र स्पीकर बंद असतानाच तो माळाच्या मधोमध उभा राहिला, गळ्याची पिशवी फुगवून खोल, भरदार घुमला. मग थांबला, आणि खोकला.

गिरजाबाईने पदर तोंडाशी नेला. "अगं बाई! अण्णा!"

कुणी ओ देतंय का म्हणून पक्षी माळभर बघत राहिला. माळ गप्प होता. त्याची मान हळूहळू खाली येऊ लागली.

तेव्हा कुमुद खोकली, अगदी अण्णांसारखी.

तो तंगड्या टाकत तिच्याकडे धावत सुटला.