म्हशीची साक्ष

परीक्षक सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्ये नाक कागदाला लागंस्तवर वाकलं. चित्रातल्या म्हशीचा वासच घ्यायला लागल्यागत.

"ही कुठून उतरवलीस?"

"गोठ्यातनं, सर," रूपाली म्हणाली. "आमचीच हाय. मैना."

आर्ट कॉलेजचं शेवटचं वरीस. भिंतीला रूपालीची कोळशाची चित्रं टाचण्या मारून लावलेली, दारापासनं खिडकीपतोर. सगळ्यात एकच म्हस. नियम सरळ होता, जनावर म्होरं बघून काढायचं. फोटोवरनं काढलं तर सबमिशन बाद, आणि सबमिशन बाद म्हंजे अख्खं वरीस बाद.

"समोर बघून काढली असतीस तर एखाद्या तरी चित्रात ती चारा खाताना दिसली असती," परीक्षक म्हणालं. "इथं बघावं तिथं मान वर, कान पुढे, एक पाय उचललेला. कोनसुद्धा बदललेला नाही. एकच फोटो आहे हा."

"मी रोज एकाच जागी बसतो, सर. हौदाच्या काठावर. बाकी सगळीकडं शेण असतंय."

पोरं फिसफिसली. परीक्षक न्हाई हसलं.

"आणि ही एवढं बघते तरी कुठं?"

"दादाच्या गाडीकडं."

"म्हैस. गाडीकडं."

"व्हय."

कोल्हापूरचा माणूस आसता तर ह्यात त्याला काय नवल वाटलं नसतं. दिवाळीच्या पाडव्याला हितल्या म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मालकाच्या मोटरसायकलीमागं पळत्यात. पण ह्ये पुण्याकडनं आलेलं. त्यांनी रूपालीकडं बघितलं, मग तिच्या खिशातल्या मोबाईलकडं बघितलं.

"मग आण तिला. बघू दे."

त्ये चेष्टेनं बोललं. रूपालीनं फोन लावला. "दादा, मैनाला घिऊन कॉलेजात ये. आत्ताच्या आत्ता."

का म्हणून तिच्या भावानं, सम्राटनं, इचारलं न्हाई. हितल्या मंगळवार पेठेत म्हशीला बोलावणं आलं की घराला मान वाटतोय.

गाडीला सायलेन्सर न्हवता. गेटातनं आत शिरली तवा आवाज असा झाला, की शिल्पकलेच्या वर्गातल्या वल्या मातीच्या पुतळ्याचा कानच गळून पडला. खोटं वाटत आसंल तर पिराजी शिपायाला इचारा, त्यानंच केरात भरला.

गाडीमागनं मैना आली. काळीभोर, तेल लावल्यागत. सम्राटनं तिला बदामाच्या झाडाला बांधली. सगळा वर्ग जिना उतरून खाली आला, त्यांच्या मागनं परीक्षक, हाताची घडी घालून.

मैनानं मान खाली घातली आणि मेंदीचं कुंपण खायला लागली.

"मान वर कुठाय?" परीक्षक म्हणालं.

सम्राटला वाटलं, आपलीच परीक्षा हाय. त्यानं पाडव्यागत गाडी रेस केली. धुरात अर्धा वर्ग दिसंना झाला. मैना दोन पावलं म्होरं आली, गाडीच्या सीटवर हनुवटी टेकली आणि डोळं मिटून घेतलं.

आता मात्र पोरं पोट धरून हसली.

"दादा, आरं तसं न्हवं..." रूपालीनं त्वांडावरनं हात फिरवला. कोळसा गालाला लागला.

परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं.

पिराजी वरडत आला, "ओ पावणं, गाडी भाईर काढा! प्रिन्सिपल सायबांचं डोस्कं उठलं."

"म्हस आणा म्हणत्यात, गाडी न्या म्हणत्यात," सम्राट तडकला. "ऱ्हावा तुम्ही आन् तुमची परीक्षा!" त्यानं गाडी वळवली आणि गेला. आवाज गेटाभाईर पडला, कोपऱ्यावर वळला, बारीक झाला, मग ऱ्हायलाच न्हाई.

तवर परत कुंपणाला लागलेल्या मैनाचं चघळणं थांबलं.

मेंदीची डहाळी ओठातच ऱ्हायली. मान वर गेली. कान म्होरं झालं. दाव्याला ताण बसला. पुढचा एक पाय तिनं उचलला आणि खाली टेकवलाच न्हाई.

कोण हसलं न्हाई मग.

परीक्षक तिच्याभवती एक चक्कर मारून आलं. उचललेल्या पायाकडं वाकून बघितलं. मग गर्रकन रूपालीकडं वळलं.

"तू काही खूण केलीस?"

"न्हाई, सर. हात मागं हाईत माझं."

त्यांनी मैनाच्या डोळ्याम्होरं पेन हलवलं. टाळी वाजवली. ती त्यांच्यातनं आरपार गेटाकडंच बघत ऱ्हायली.

"असं किती वेळ?"

"सकाळी दादा दूध घालाय जातोय, तवापासनं त्यो येईस्तवर. तेवढ्यातच मी काढतो. त्यो आला की ती खाया लागती आन् मी कॉलेजला पळतो."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. खिशात ठेवलं. मग त्येबी गेटाकडं बघाय लागलं. रस्त्यानं एक रिक्षा गेली. एक टेम्पो गेला. मैनाचा पाय तसाच वर.

जरा वेळानं त्ये रूपालीजवळ सरकलं. आवाज बारीक केला.

"चिडून गेलाय गं तो. येईल ना परत?"

रूपाली म्हणाली, "तिलाबी रोज ह्योच संशय येतोय, सर."