दहावी कळी

"आज," प्रल्हाद म्हणाला.

"उद्या," फोनमधली बाई म्हणाली.

ताटात सोनचाफ्याच्या दहा कळ्या होत्या. नवांवर दोघांचं जमलं, दहावीवर अडलं. क्षितिजाने ती कळी पाण्याच्या वाटीत ठेवली आणि सगळे वाट बघत बसले.

माणूस एखादी गोष्ट कशी ओळखतो आणि यंत्र कसं ओळखतं, यावर क्षितिजाचा अभ्यास चालला होता. कुठली कळी आज उमलेल, कुठली उद्या, हे तिच्या फोनला एका जाणत्या वाडीवाल्याने शिकवलं होतं. आता तो फोन प्रल्हादला शिकवत होता. मेंदूला झटका आल्यानंतर त्याचं चालणं परत आलं, बोलणं आलं. मागच्या दोन वर्षांची आठवण तेवढी आली नाही, आणि कळीची पारखही. जन्म चाफ्यात गेलेल्या माणसाला हे फार लागलं होतं.

त्याच्या बायकोची, मनोरमाची, अट सरळ होती. दहाच्या दहा बरोबर आल्या तर फुलं काढायची आकडी परत हातात. नाहीतर वाडी दुसऱ्याला कसायला द्यायची.

"कोण गं हा तुझा मास्तर?" प्रल्हादने महिन्याभरात विसाव्यांदा विचारलं. "पापडी गावचा तो वाडीवाला भालचंद्रच ना? म्हणे, पोटाचा हिरवा गेला की काढा! जसा काही चाफा यानेच जन्माला घातला."

"घमेंडखोर आहे खरा," मनोरमा म्हणाली. "पण माणूस वाईट नाही." आणि ती चहा टाकायला आत गेली.

साडेदहाला कळीचं टोक सुटलं. अकरा वाजता फूल पुरतं उमललं होतं.

क्षितिजा वाटीकडे बघतच राहिली. "काका, अहो, पोट तर हिरवंच होतं. कळलं कसं?"

"रंगावर काय जातेस? वास बघ. उमलायच्या आधी वास जरा गोड होतो."

"हे मास्तरांनी सांगितलंच नाही. मी खोदून खोदून विचारलं होतं."

"त्याला ठाऊक असेल तर सांगेल ना!" प्रल्हाद हसला. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा हसला.

मनोरमाने कोपऱ्यातली आकडी आणून त्याच्या हातात दिली आणि पदराने डोळे टिपले.

"आता लाव त्याला फोन," प्रल्हाद ताठ बसत म्हणाला. "म्हणावं, मास्तर, तुम्हाला हरवलं!"

क्षितिजाने मनोरमाकडे पाहिलं. मनोरमाने मान डोलावली.

"फोन नको, काका. त्यांचा पहिला धडाच ऐका. दीड वर्षापूर्वी मी इथेच रेकॉर्ड केला होता."

तिने बटण दाबलं. कुणीतरी खाकरलं. मग फोनमधून प्रल्हादचा आवाज आला, "मनोरमा, पोरीला चहा दे गं. हां, लिही बाय. पोटाचा हिरवा गेला की काढा."