जाड आणि पुसट

चौदाव्या पायरीत लिहिलं होतं, यानंतर मशीन कायमचं बंद पडू शकतं. राजारामकाकांनी चष्मा पुसला आणि पंधरावी पायरी वाचायला घेतली.

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या घरात दुपारी दुसरं कुणी नव्हतं. मुलगी रेणू आणि जावई श्रीरंग ऑफिसात. डायनिंग टेबलावर, म्हणजे टेबलावरच्या प्लास्टिकवर, श्रीरंगचा ई-रीडर कंप्युटरला वायरने जोडलेला. शेजारी इंटरनेटवरून छापून घेतलेली तेवीस पायऱ्यांची कृती. अक्षरं ठळक करण्याची.

एप्रिलमध्ये नागपूरहून आल्यापासून काका त्या ई-रीडरवर एक रहस्यकथा वाचत होते. अक्षरं इतकी पुसट, की सप्टेंबर उजाडला तरी खून नक्की कुणाचा झालाय हेच त्यांना कळलं नव्हतं.

रेणूचं निदान मोतीबिंदू. तिने शुक्रवारची अपॉइंटमेंटसुद्धा घेऊन टाकली. काकांनी पोस्टात छत्तीस वर्षं काढली होती. केमिस्टला न लागणारं अक्षरही त्यांना लागायचं. दोष मशीनचाच होता आणि तो शुक्रवारच्या आत सिद्ध करायचा होता. श्रीरंगने आधीच हात वर केले होते. टेक्निकल नसलेल्या माणसाने यात पडू नये, मशीनची वीट होते, म्हणजे ते कायमचं बंद पडतं, असं तो म्हणाला. स्वतः दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये असून तोही पडला नाही.

तेवीस पायऱ्या झाल्या. स्क्रीन कोरी झाली. काकांनी चहा टाकला, प्यायला, कप विसळला. मग पान उमटलं. अक्षरं दुप्पट जाड झाली होती.

आणि तेवढीच पुसट.

म्हणजे मशीन निर्दोष होतं. काका बराच वेळ टीव्हीचा रिमोट हातात धरून बसून राहिले, त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट.

संध्याकाळी त्यांनी कबुली दिली. श्रीरंगने ई-रीडर उलटसुलट करून पाहिला, हे खरंच तुम्ही केलंत का, असं दोनदा विचारलं आणि हळूच ते तेवीस पायऱ्यांचे कागद मागून घेतले.

शुक्रवारी रेणू आणि श्रीरंगही दवाखान्यात आले. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी काकांना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. काकांनी तो संपवला आणि तळाशी छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलं. मोतीबिंदू नाही, चष्मासुद्धा अगदी बरोबर आहे, बाई म्हणाल्या. काकांनी ई-रीडर पुढे केला. मग हे का दिसत नाही?

बाईंनी तो उजेडात तिरका धरला. कोपऱ्यात नख घातलं आणि हलकेच ओढलं.

टर्र.

घरचे तिघंही उभे राहिले. खोक्यातून येताना काचेवर चिकटवलेलं दुधी प्लास्टिक कोपऱ्यात बोटभर सुटलं होतं. त्याखाली दोन शब्द दिसत होते, काळेकुळकुळीत.

श्रीरंगने घाईघाईने अंगठ्याने कोपरा दाबून धरला.

"बाबा, तुम्ही सॉफ्टवेअर बदललंत, मी एका शब्दाने बोललो नाही," तो म्हणाला. "ते परत टाकता येतं. हे परत चिकटत नाही."

काकांना ते पटलं. नवीच तर वस्तू होती. ते पुन्हा खुर्चीत बसले, डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवली आणि बाईंना विचारलं, चष्म्याचा नंबर थोडा वाढवून मिळेल का.