पंख्यासारख्या पायऱ्या

चौथा आराखडा टेबलावर पसरला आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं.

पायऱ्या. पंख्यासारख्या उलगडत गेलेल्या. नदीचं पाणी गाळणीच्या टाक्यांत जाण्याआधी त्यांवरून खळाळत उतरणार, उतरताना हवा घेणार, त्याचा घाण वास उडून जाणार. यंत्र नको, वीज नको. अख्ख्या शहराला पाणी पाजणाऱ्या नव्या जलशुद्धीकरण केंद्राची ही स्पर्धा होती. आराखड्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. परीक्षकही गुप्त, आणि तो त्यांतलाच एक. घरीदारी अवाक्षर काढायचं नाही, असा दम अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत भरला होता.

पण नाव हवंय कशाला? असल्या पायऱ्या आजवर एकानेच बांधल्या होत्या. टोपीवाल्याने.

टोपीवाला म्हणजे त्याच्या बायकोचा कॉलेजातला मित्र. साइटवर काय नि लग्नात काय, डोक्यावरची टोपी काढायचा नाही, म्हणून हे नाव. त्याच्या पहिल्या छोट्या केंद्राच्या उद्घाटनाला बायको त्या पायऱ्यांपुढे उभी राहिली ती हलेचना. डोळे भरून आले होते तिचे. माझ्या कुठल्या कामापुढे ही अशी कधी उभी राहिली नाही, हे त्याच्या मनाला तेव्हाच लागलं. तेव्हापासून तो टोपीवाल्याला पाण्यात पाहत होता.

आणि हल्ली तर कहरच. बायको फोनवर हसत असायची. हा खोलीत शिरला की आवाज खाली.

"कोण होतं?"

"कामाचं होतं रे."

कामाचं म्हणे! मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली होती. आता घरबसल्या सोसायट्यांच्या टाक्यांचे नकाशे काढून द्यायची. टाकीवाल्यांशी कुणी इतकं गोड बोलतं?

"मला चार नंबर फार आवडलाय," अध्यक्ष म्हणाले. "साधा आहे आणि चालवायला स्वस्त."

"दिसायला छानच आहे," तो म्हणाला. "पण पायऱ्यांवर शेवाळ धरेल. घासायला माणसं लागतील."

"त्यासाठी वर छप्पर दाखवलंय की."

"छपरात पाखरं घरटी करतील."

अध्यक्ष हसले. पण पाणीखात्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. तासभर तो हात धुऊन चार नंबरच्या मागे लागला. जागा फार खातो, सांडपाण्याचा बंदोबस्त नीट नाही, असलं काय काय काढत राहिला. पायऱ्या चांगल्या होत्या, हे त्याला कळत होतं. तेच तर सहन होत नव्हतं. शेवटी सगळे कंटाळले आणि दोन नंबर निवडला गेला. नीटनेटका, नेहमीचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"थांबा, नावांची पाकिटं फोडू," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही फोडा. मला गरज नाही," म्हणत तो उठला. गाडी चालवताना चक्क शीळ घालत होता.

घरी बायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर फोन, चहा गार झालेला.

"आता सांगायला हरकत नाही," बूट काढता काढता तो म्हणाला. "त्या जलशुद्धीकरणाच्या स्पर्धेत मी परीक्षक होतो. तुझ्या टोपीवाल्याच्या पायऱ्या उडवल्या."

तिने मान वर केली. "तू होतास?"

"होतो म्हणजे? बाकीचे तर भाळलेच होते. मी एकट्याने चार नंबरला पाडलं."

"का?"

"शेवाळ." मग त्याला राहवेना. "त्याच्या पायऱ्या बघून तू रडली होतीस. आठवतंय?"

"आठवतंय." तिने कप बाजूला सारला. "आत्ताच त्याचा फोन येऊन गेला. जिंकलाय, पण बिचाऱ्याला माझ्याशी बोलायचीच लाज वाटत होती."

"जिंकलाय? कोण?"

"तोच. दोन नंबर त्याचा. यंदा त्याने पायऱ्या लावल्या नाहीत. म्हणाला, कॉलेजात तू काढलेल्या आहेत, मी एकदा तुला विचारून वापरल्या, आता तूच वापर."

तो बूट हातात धरून उभा राहिला.

"चार नंबर माझा होता," ती म्हणाली.