पट्टा

“आणि तो रंगाचा पट्टा कुठाय?” हॉल्कमने विचारलं, आणि माउंट ऑलिव्ह चर्चच्या महिला समितीतल्या सगळ्या बायका एकदम क्लिओथाकडे बघू लागल्या.

हॉल्कम राज्याच्या वारसा कचेरीतून आला होता. त्याने ‘जपण्याजोगी’ असं लिहिलं तर पाइन स्ट्रीटची शाळा राहणार. नाही लिहिलं तर सोमवारी बुलडोझर, आणि मग कोर्टाचं पार्किंग. सकाळपासून सगळं झकास चाललं होतं. जिना ठोकून पाहून तो खूश झाला, खिडक्यांच्या जुन्या, लाटा उमटलेल्या काचा पाहून तर पोरासारखा हसला. बायकांच्या अंगात वारं शिरलं होतं. सिस्टर ओझेलाने दारावर लागणाऱ्या पाटीत कुणाचं नाव कितवं, हेही मनातल्या मनात लावून टाकलं. स्वतःचं दुसरं. पहिलं मिस व्हर्डेलचं ठेवणं भागच होतं, कारण या गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकणारी पहिली काळी मुलगी तीच. तेव्हा पहिलीत होती. आता डोक्यावर पिसांची हॅट घालून सकाळपासून दाराशीच उभी होती.

हॉल्कमने जुन्या वर्तमानपत्रातला फोटो पुढे केला. हाच वर्ग. जमिनीवर फळ्यापासून मागच्या दारापर्यंत ओढलेला जाड पट्टा. त्याच्या अलीकडे, भिंतीला लागून, एकच बाक आणि दोन वेण्यांची मुलगी. पलीकडे, खिडक्यांच्या बाजूला, बाकीचा अख्खा वर्ग.

“मी याच्यासाठीच आलो,” तो म्हणाला. “कोर्ट म्हणालं, मुलीला आत घ्या. शाळावाल्यांनी आत घेतलं आणि जमीन वाटून टाकली. अशी खूण मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.”

“म्हणजे तो पिवळा?” क्लिओथाचा आवाज अगदी बारीक झाला. “तो मी काढला.”

“काढला म्हणजे?”

“आधी पत्र्याने खरवडला. मग सोडा टाकून तारेच्या घासणीने घासला. पाहुणे यायचे होते ना.”

पाहुणे येणार म्हटल्यावर या गावच्या बाईला घासूनपुसून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. बुलडोझर जरी आला असता, तरी यांनी आधी त्याच्या वाटेवरचा पालापाचोळा झाडून घेतला असता.

“बटाट्याच्या सॅलडमध्ये मनुके घालते, तेव्हाच मी ओळखलं होतं,” ओझेला म्हणाली. “हिच्या हातात काही म्हणून द्यायचं नाही.”

“तूच म्हणालीस ना, जमिनीत तोंड दिसलं पाहिजे?”

“तोंड दिसलं पाहिजे म्हणाले. इतिहास पूस म्हणाले का?”

“त्याच्यावर लिहिलं होतं का इतिहास म्हणून? मला वाटलं पोरांच्या खेळाची रेघ असेल.”

“भांडू नका,” दारातून मिस व्हर्डेल म्हणाली. “मीच कधी कुणाला सांगितलं नव्हतं.”

हॉल्कमने पेनाला टोपण लावलं. ते लावताना त्याला वाईट वाटत होतं, हे बायकांनाही दिसलं, पण म्हणून काही टोपण निघत नव्हतं.

“नुसत्या जुन्या इमारती राज्यात पुष्कळ आहेत, मॅडम,” तो म्हणाला. “निदान कुठे होता ते तरी दाखवा.”

क्लिओथाने जमिनीवरच्या लांबलचक लाल गालिच्याकडे बोट दाखवलं. लग्नात नवरी ज्याच्यावरून चालत येते, तो चर्चमधला गालिचा. “याच्या खाली. घासून घासून तिथे भलतंच दिसायला लागलं, म्हणून मी हा आणून टाकला.”

“भलतंच काय?”

क्लिओथाने वाकून गालिच्याचं टोक उचललं आणि तो मागच्या दारापर्यंत गुंडाळत नेला.

वर्षानुवर्षं तेल पिऊन लाकडी जमीन काळीकुट्ट झाली होती. तिच्यावर मधोमध, सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा, सरळसोट पट्टा उमटला होता. रंग होता तेव्हा निदान विटका तरी होता. आता दारातूनच डोळ्यांत भरत होता.

“जितकं घासलं तितका उजळत गेला मेला,” क्लिओथा म्हणाली.

हॉल्कम गुडघ्यांवर बसला. फोटो जमिनीला लावून पाहिला. मग लाकडाच्या दोन फळ्यांमधल्या फटीत त्याने नख घातलं. नखाला पिवळा रंग लागला. दुसऱ्या फटीत घातलं, तिथेही पिवळा. तो हसायला लागला आणि बराच वेळ थांबेचना.

“राहिली तुमची शाळा,” तो उठत म्हणाला. “फक्त या बाईंच्या हातात परत घासणी देऊ नका.”

मग काय. टाळ्या पडल्या, कुणीतरी गाणं धरलं, कुणीतरी जेवणाची झाकणं उघडायला पळालं. हॉल्कमने, जाणत्यासारखं, सॅलड कुणी केलंय ते आधी विचारून घेतलं.

“मी नसते तर दिसला असता का एवढा स्वच्छ?” क्लिओथा ओझेलाच्या कानाशी लागली. “पाटीवर माझंही नाव पाहिजे.”

“तिसरं,” ओझेला म्हणाली.

या गडबडीत सगळ्याजणी भिंतीच्या बाजूलाच दाटीवाटीने उभ्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मिस व्हर्डेल पट्ट्यापाशी आली. डबकं ओलांडावं तसा तिने झगा जरासा उचलला, पलीकडे गेली आणि थेट खिडकीशी जाऊन उभी राहिली. गाणं हळूहळू थांबलं.

“आमची आई म्हणायची, घाबरायचं नाही,” ती पाठमोरीच म्हणाली. “शाळा सुटेपर्यंत मी रस्त्यापलीकडे पायरीवर बसलेली असते, मान वर केलीस की दिसेन, म्हणायची. मी रोज मान वर करायचे. त्या बाकावरून नुसतं आभाळ दिसायचं. मला वाटायचं, माझी समजूत काढायला थाप मारते.”

रस्त्याच्या पलीकडे चर्चच्या पायऱ्या दुपारच्या उन्हात लख्ख दिसत होत्या. अगदी खालच्या पायरीपर्यंत.

तिने जोर लावून काच वर सरकवली, हॅट सावरत बाहेर वाकली आणि पाचही बोटं पसरून त्या रिकाम्या पायरीकडे जोरजोरात हात हलवला.