काचेखालचं भात

संदेशने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि बांबूची कामटी घेतली. गाडीच्या पुढच्या काचेखालचं लांब काळं पॅनल उन्हाने कडक झालं होतं. लोखंड लागलं तर तडकणार, आणि दुसरं यायला दोन महिने. वायपर त्याने आधीच काढून बाकावर ठेवले होते. हेअर ड्रायरची ऊब देत, एकेका क्लिपखाली कामटी सरकवत तो कान लावून होता. टक्. एक सुटली. त्याने ती वाटीत टाकली.

"अजून किती?" विकीने विचारलं. दर क्लिपला तो हेच विचारत होता.

विकीची ती बुटकी पिवळी स्पोर्ट्स कार ठाकुर्लीच्या त्या गॅरेजात शिरली, तेव्हा शेजारचा इस्त्रीवालाही हातचं काम टाकून बाहेर आला होता. बाहेरून गाडी आरशासारखी, आत मात्र डाव्या सीटच्या पायाशी पाणी. गालिचा भिजून कुबट वास सुटलेला. आणि तीन वाजता विठ्ठलवाडीला विकीचा मामेभाऊ देवेश नवरदेव होऊन ह्याच गाडीतून मांडवाला निघायचा होता. फुलवाला तिकडे खोळंबला होता. विकी फोन कानाला लावून दारापर्यंत जाई, परत येई, किल्ली ह्या हातातून त्या हातात. त्याची आई तुळसा जरीची साडी सावरत प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. लेकाच्या येरझाऱ्या बघून तिलाच धाप लागत होती.

संदेशने विचारलं, गाडी झाडाखाली लावता का? पानं साचली की पाणी जायची वाट बुजते, मग ते आत शिरतं. विकी म्हणाला, झाड कुठलं आलंय भाऊ, टॉवरसमोर उघड्यावर असते.

शेवटची क्लिप सुटली. निजलेल्या लेकरावरची गोधडी उचलावी तसं संदेशने पॅनल दोन्ही हातांनी उचललं, आणि तसाच धरून उभा राहिला.

खाली भात उगवलं होतं.

वीतभर रोपं. पिवळट हिरवी, ज्या फटीतून उजेड यायचा तिकडे माना वळवून उभी. बुडाशी धूळ, झेंडूच्या पाकळ्यांचा गाळ, आणि मुळं थेट पाणी जायच्या भोकात रुतलेली.

विकी हसला. त्याने फोटो काढला, घड्याळ पाहिलं आणि संदेशला म्हणाला, उपटून टाका, बंद करा पटकन. संदेशचा हात पुढे गेला. तो तुळसाने वरच्या वर धरला.

"नको. यो राता हाय."

राता म्हणजे खारीतलं, खाडीकाठच्या खारट जमिनीतलं लाल भात. गेल्या वर्षी दसऱ्याला गाडी दारात आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे तुळसाने घरच्या शेतातल्या भाताची मूठ तिच्यावरून ओवाळून टाकली होती. ती मूठ शेवटची होती. शेतावर भराव पडून टॉवर उभा राहिला होता, पण बियाणं नणंदेने ठेवलं असेल, असं तिने गृहीत धरलं होतं. नणंदेने धरलं होतं, वहिनीकडे असेल. आषाढात दोघींचं फोनवर बोलणं झालं तेव्हा दोन्हीकडचे डबे रिकामे निघाले. तेव्हापासून तुळसा गावात घरोघर विचारत फिरत होती. पेरशील कुठं, लिफ्टमध्ये? असं विकी तिला चिडवायचा.

आता ती गाडीवर ओणवी झाली. कामटीने गाळ सैल करत एकेक रोप मुळासकट सोडवू लागली. जरीचा काठ ग्रीसला लागला, तिचं लक्ष नव्हतं. दोन मोडली. नऊ निघाली. संदेशने न सांगता ओलं फडकं पुढे केलं.

"संदेशभाऊ, हितं चिखल कुठं हाय?"

संदेशने रस्त्याकडे पाहिलं. सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ, झाकलेलं गटार. त्याने मनातल्या मनात ठाकुर्ली एकदा फिरून पाहिली. मग म्हणाला, कुंडी देतो वहिनी, घरची आहे. तुळसाने मान हलवली. ह्याला खारं पाणी लागतं, खाडीचं. कुंडीत तो राता राहत नाही.

"आई, तिकडे देवेश घोड्यावर बसल्यासारखा तयार होऊन बसलाय," विकी म्हणाला. "तीन वाजता मी मामाला काय तोंड दाखवू?"

"माज्या भावाला मी सांगतंय. त्याना दुसरी गाडी मिलंल." ती डाव्या सीटवर जाऊन बसली, ओल्या गालिच्यावर पाय ठेवून, फडकं मांडीवर धरून. "यांचा जीव तासाभराचा हाय."

विकीचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं, फोन खिशात घातला. पुन्हा वाजला. त्याने तो बंद केला.

वायपर तरी लावू द्या, असं संदेश म्हणत होता. विकीने एकदा आभाळाकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

इतकं हळू चालायला ती गाडी केलेली नव्हती. खाडीच्या अंगाने ती गुरगुरत निघाली आणि मागून रिक्षा हॉर्न देत पुढे जात राहिल्या. पहिलं पाणी दिसलं ते इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात. तुळसाने काच खाली करून पाहिलं, म्हणाली, "हितं नाय. पुढं चल." दुसरं एका पत्र्याच्या कुंपणाआड, त्यावर तेलाचा तवंग. तिथेही ती तेच म्हणाली. रोपांची टोकं आता लवायला लागली होती.

तिसऱ्या डबक्याशी ती काही बोलायच्या आत विकीनेच ब्रेक दाबला. लग्नातले पांढरे बूट घालून तो उतारावरून खाली गेला, उकिडवा बसला, बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

परत आला तेव्हा बूट घोट्यापर्यंत भरले होते.

"गोडं हाय. हितं नाय," तो म्हणाला, आणि गाडीतल्या बाटलीतलं पाणी तिच्या मांडीवरच्या फडक्यावर थेंब थेंब सोडू लागला.