फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट

गणपतीत सुरतेतल्या उधन्याच्या सोसायटीतल्या ब्लूटूथ स्पीकरवर आरत्या वाजवणारा परागचा लिनक्सवाला लॅपटॉप नवरात्राआधीच्या रविवारी संध्याकाळी एकाएकी मुका झाला. त्याच्या बायकोला, अपर्णाला, त्या लिनक्सचा आधीच वीट आला होता. "मी हंसाबेनच्या गरब्याच्या सरावाहून येईपर्यंत हा डबा बोलला नाही, तर उद्या भंगारवाल्याला," असं बजावून ती खाली पार्किंगमध्ये गेली.

पराग हट्टाला पेटला. त्यानं आवाज तपासायचा प्रोग्राम लावला. त्यात एक बाई कुठल्या बाजूचा स्पीकर वाजतोय ते इंग्रजीत सांगते. पडद्यावर 'फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट, रिअर राइट, रिअर लेफ्ट' असं पुन्हा पुन्हा उमटत होतं, पण बाईच्या तोंडून शब्द काही फुटेना. त्यानं आवाज होता तेवढा चढवला, प्रोग्राम तसाच चालू ठेवला आणि लॅपटॉपला कान लावून बसला. मान पार अवघडली, तेव्हा कुठे त्यानं हात टेकले.

अपर्णा वर आली ती घामाघूम होऊन, पण चेहरा खुललेला. "अरे, आज आमचा एकही फोन स्पीकरला जोडला जाईना," ती धापा टाकत म्हणाली. "पण हंसाबेननं कुणी शिकवणारी बाई लावलीय वाटतं. दिसली नाही, स्पीकरवरूनच सांगत होती."

पराग हळूच लॅपटॉपकडे वळला.



"इंग्रजीत का होईना, पण एकेक पाऊल असं सांगितलं तिनं, की आज पहिल्यांदा कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला नाही."